गरीब संघांचा कळवळा

अमेरिकन बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा हवी, असं मालक पुन्हा म्हणू लागलेत. कारण तेच जुनं, गरीब संघ टिकत नाहीत.

मग १९९४ आठवा. याच मागणीवरून १२ ऑगस्टला खेळाडू संपावर गेले, वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. तेव्हा सगळ्यांत पुढे कोण होतं? माँट्रियल एक्सपोज! ७४ विजय, ४० पराभव. आणि पगारखर्चात मात्र तळाजवळ. ज्यांच्या नावाने भांडण, त्यांचाच हंगाम बुडाला. (श्रीमंत मालकांनी उत्पन्न वाटून घ्यावं की! पण खिशाला हात घालायचा तो खेळाडूंच्याच.)

संप मिटला एप्रिल १९९५ मध्ये, न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांच्या मनाई हुकुमानंतर. मर्यादा आलीच नाही. माँट्रियलच्या मालकांनी मात्र त्याच महिन्यात चार बिनीचे खेळाडू घालवले. २००५ ला संघच वॉशिंग्टनला गेला.