एकाच वेळी अनेक छंद : फायदा की पसारा?



एप्रिल उजाडला की हिगाशी-कसाईतल्या आपल्या बहुतेक घरांत फ्रिजवर एक नवे वेळापत्रक चिकटते. सोमवारी सोरोबान, मंगळवारी पोहणे, बुधवारी इंटरनेटवरून तबला (गुरुजी पुण्यात, शिष्य इथे, मध्ये साडेतीन तासांचा फरक!), शनिवारी मराठीचा वर्ग... आणि मग भारतातून आजीचा फोन येतो, "अगं, एक ना धड भाराभर चिंध्या होतील त्या पोराच्या!"

जपानी शेजारीणही फारसे वेगळे सांगत नाही. दोन सशांमागे धावणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही, अशी त्यांची म्हण आहे. शाळेतल्या बुकात्सुचा रिवाजही साधारण तसाच, एक क्लब निवडायचा आणि तीन वर्षे तो निभवायचा. एकच माणूस दोन कामे करत असेल तर तो 'दोन जोड वाराजी घालतो' असे जपानीत म्हणतात. वाराजी म्हणजे गवताच्या चपला. आज हे सहज म्हटले जाते, पण एदो काळात ते जुगारी असून पोलिसांचेही काम करणाऱ्या माणसाबद्दल म्हणत. म्हणजे मूळ अर्थ काही कौतुकाचा नव्हे!

तरीही आम्हाला वाटते की अनेक छंद एकत्र चालवल्याने सर्जनशीलता वाढते. मात्र ती छंदांच्या संख्येने वाढत नाही. एका छंदाने दुसऱ्याला प्रश्न विचारला तरच वाढते. हे नुसते आमचे मत राहू नये म्हणून काही माणसांची उदाहरणे देत आहोत.

सुरुवात रोजच्या गर्दीपासून करू. कसाईहून सकाळी तोझाई मार्गाने जाणाऱ्यांना सांगायला नको, की कोविडच्या आधी किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यावर गाडीत क्षमतेच्या १९९ टक्के माणसे असत. अशाच गर्दीचा विचार तेरादा तोराहिको (१८७८-१९३५) यांनी शंभर वर्षांपूर्वी केला. ते तोक्योच्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १९१३ मध्ये स्फटिकांवरच्या क्ष-किरणांविषयीचे त्यांचे काम 'नेचर'मध्ये आले होते. पण कुमामोतोच्या शाळेत असताना ते नात्सुमे सोसेकींचे (जुन्या हजार येनच्या नोटेवरचे!) विद्यार्थी होते आणि त्यांच्याकडून हायकू शिकले होते. ते व्हायोलिन वाजवत आणि ललित निबंध लिहीत.

१९२२ साली त्यांनी ट्रॅमच्या गर्दीवर निबंध लिहिला. जिम्बोचोच्या थांब्यावर (आपल्या मार्गावरच्या कुदानशिताहून पायी जाण्याइतके जवळ) त्यांनी घड्याळ लावून ट्रॅमच्या वेळा टिपल्या. एखादी ट्रॅम जराशी उशिरा आली की थांब्यावर जास्त माणसे जमतात, चढायला जास्त वेळ लागतो आणि ती आणखी मागे पडते. तिच्या मागचीला माणसेच कमी मिळतात, म्हणून ती भराभर येऊन पुढचीला गाठते. सारांश, खच्चून भरलेली ट्रॅम सोडावी, मागून मोकळी येते. हा निबंध केवळ भौतिकशास्त्रज्ञाला सुचला नसता, कारण ट्रॅमचा थांबा हा प्रयोगशाळेचा विषयच नव्हता. केवळ लेखकाने गर्दीचे वर्णन केले असते, वेळा मोजल्या नसत्या. साध्या गोष्टीकडे थांबून पाहण्याची सवय हायकूची, मोजण्याची सवय विज्ञानाची. फांदीवरून गळणारे त्सुबाकीचे फूल हवेत कसे उलटते आणि कोम्पेइतो या साखरेच्या गोळीला शिंगे का फुटतात, असेही प्रश्न त्यांना पडत. १९३६ मध्ये होक्काइदोत जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक तयार करणारे नाकाया उकिचिरो हे त्यांचेच विद्यार्थी, आणि तेही निबंधकार.

आता आपल्याकडचे उदाहरण, आणि आमच्या मते सर्वांत मोठे. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६). जन्म गोव्याचा, शिक्षण हार्वर्डला, मग पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन, आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. पुण्याहून मुंबईला जायला डेक्कन क्वीन. (रोजच्या लांब प्रवासाने वेळ वाया जातो म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.)

कोसंबींना संख्याशास्त्र शिकायचे होते. नुसते पुस्तक वाचून ते येत नाही, म्हणून त्यांनी सरावासाठी खरे प्रश्न घेतले आणि त्यांतला एक निघाला जुन्या नाण्यांचा. तक्षशिलेला चांदीच्या आहत नाण्यांचे साठे सापडले होते. नाणे हातोहात फिरले की झिजते. सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, पण शेकडो नाणी घेतली तर सरासरी वजन किती घटले आणि वजनांतला फरक किती वाढला, यावरून ती किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येतो. हे पडताळायला त्यांनी चालू काळातली नाणीही तराजूत घातली! तक्षशिलेच्या नाण्यांच्या मागच्या बाजूला जितके छाप जास्त तितके वजन कमी, असेही दिसले. म्हणजे ते छाप मध्येमध्ये नाणी तपासल्याच्या खुणा असाव्यात.

पुढचा प्रश्न आपोआप आला : ही नाणी पाडली कोणी? त्यासाठी राजवंश हवेत, राजवंशांसाठी पुराणे आणि बौद्ध-जैन ग्रंथ हवेत, आणि ग्रंथांसाठी संस्कृत पक्के हवे. संस्कृतसाठीही त्यांनी तीच युक्ती केली. एकच काम घेतले, भर्तृहरीची सुभाषिते, आणि १९४८ मध्ये त्यांची चिकित्सक आवृत्ती काढली. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर फिरताना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारे गोळा केली. या सगळ्यातून १९५६ मध्ये भारताच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ आला, ज्याने पुढच्या इतिहासकारांची विचार करण्याची रीत बदलली. मध्येच १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रांवरची जनुकांमधली अंतरे काढण्याचे एक सूत्र दिले. ते 'कोसंबी' याच नावाने आजही वनस्पतींच्या आनुवंशिकीत वापरतात. आपल्यापैकी जे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत आहेत त्यांना हे नाव रोज संगणकावर दिसत असेल, पण ते गोव्याचे हे कितीजणांना माहीत असेल!

दुसरी बाजूही सांगायला हवी. याच संख्याशास्त्राच्या वाटेने त्यांनी गणितातले रीमानचे गृहीतक सोडवल्याचा दावा केला. गणितज्ञांनी तो मानला नाही आणि त्यांच्या नावाला त्याचा फटका बसला. एका विषयाची किल्ली दुसऱ्याच्या प्रत्येक कुलपाला लागत नाही. ज्याला त्या विषयाची सवय आहे अशा कोणाकडून तरी ती तपासून घ्यावी लागते.

तिसरे उदाहरण कागदाचे. डॉ. अनिल अवचट (१९४४-२०२२) डॉक्टर झाले, पण रमले लेखनात. शिवाय बासरी, लाकडातली शिल्पे, चित्रे, आणि जपानहून जगभर गेलेली ओरिगामी. त्यांनी 'छंदांविषयी' असे पुस्तकच लिहिले आहे. ब्राउन शुगरच्या, म्हणजे गर्दच्या, व्यसनावर त्यांनी लेखन केले. ते वाचून पु. ल. देशपांडे यांनी मदत देऊ केली, आणि १९८६ मध्ये पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह पुण्यात 'मुक्तांगण' उभे राहिले. डॉक्टरकी आणि पत्रकारिता या दोन वेगळ्या वाटा तिथे एकत्र आल्या. ओरिगामीचे काय, तो तर नुसता विरंगुळा, असे कोणी म्हणेल. इथल्या योशिझावा अकिरांनीही कारखान्यात कामगारांना भूमिती शिकवायला घड्या वापरल्या होत्या, आणि मिउरा कोऱ्यो यांची घडी १९९५ मध्ये उपग्रहाच्या सौरपटलासाठी अवकाशात गेली. विरंगुळा कुठे पोहोचेल हे आधी सांगता येत नाही.

असे का होते? इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनाचे चार टप्पे मांडले : तयारी, मुरणे, सुचणे, पडताळणे. मुरण्याच्या काळात त्या प्रश्नाला हात लावायचा नाही, एक तर विश्रांती घ्यायची किंवा दुसरे काम करायचे. लोणच्यासारखेच, सारखी बरणी उघडून चालत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड ग्रुबर यांनी डार्विनच्या वह्यांचा अभ्यास केला, तेव्हा तिथेही अनेक कामांचे जाळेच दिसले. गांडुळांवरचा पहिला लेख १८३७ चा, पुस्तक १८८१ चे! मधल्या काळात बाकीचे सगळे.

आता फ्रिजवरचे वेळापत्रक. आमच्या मते त्यात अडचण छंदांची नाही, मोकळ्या जागेची आहे. एका क्लासमधून दुसऱ्यात धावणाऱ्या मुलाचे दोन छंद कधी समोरासमोर येतच नाहीत. म्हणून एक छंद खोल असावा, बाकीचे हलके चालतील, आणि आठवड्यात निदान एक दुपार कुठलाच क्लास नसावा. मोठ्यांचेही तेच. आमच्यातल्या एकाची पेटी सहा वर्षे ओशिइरेच्या वरच्या कप्प्यात होती, 'वेळ मिळाला की' या सबबीखाली. आता दिवाळीच्या तालमींसाठी ती खाली उतरली आहे.

अशाच एका मोकळ्या दुपारची हकीकत. आमच्या ओळखीचा एक मुलगा गाड्यांचा वेडा. कसाई स्थानकाच्या पुलाखालचे भुयारी रेल्वेचे संग्रहालय त्याला तोंडपाठ. मराठीच्या वर्गाला मात्र कंटाळायचा. त्याने तोझाईची नाकानो ते निशी-फुनाबाशी ही २३ स्थानके देवनागरीत लिहायला घेतली. नंतर शाळेतला जपानी अक्षरांचा तक्ता शेजारी ठेवला, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा, आणि विचारले, "हे आपल्या क, च, त, न, प, म, य, र, व सारखेच का चालते?"

आम्हाला उत्तर शोधावे लागले. संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंनी हा क्रम आपल्या वर्णमालेवरून लावला. आजचा 'हा' जुन्या काळी 'पा' होता, म्हणून तो 'प'च्या जागी बसतो. मुलाने ते तक्त्याखाली पेन्सिलीने लिहून ठेवले आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, "मग 'ल' कुठे गेला?"