देहाची बोली



दुःख सांगतांना माणसाची भाषा नकळत शरीराचा आश्रय घेते. संकटापुढें आपण 'हात टेकतों', कर्ता मुलगा गेला म्हणजे बापाची 'कंबर खचते', आधार तुटला कीं 'पायांखालची जमीन सरकते'. या केवळ बोलण्याच्या तऱ्हा आहेत, असें आपण समजतों. मानसोपचाराच्या इतिहासांत मात्र या रूपकांना मोठें स्थान आहे.

इ. स. १८९५ मध्यें व्हिएन्ना येथील ब्रॉयर व फ्रॉइड या डॉक्टरांनीं हिस्टेरियावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत एका स्त्रीची हकीकत आहे. तिच्या चेहऱ्यांत तीव्र कळा येत. आठवणी उकलतां उकलतां पतीचे अपमानकारक उद्गार निघाले. ते आपल्याला गालांत चपराक बसावी तसे लागले, असें ती म्हणाली. दुसऱ्या एका तरुणीचे पाय दुखत, तिला चालवत नसे. आणि आयुष्यांत आपलें पाऊल पुढें पडत नाहीं, ही तिची खंत होती. फ्रॉइडनें देहाचें रूपक ओळखलें. पण त्याला उत्तर शब्दांनीं द्यावयाचें, हा त्याचा मार्ग होता. मग ज्याचे शब्दच आटले, त्याचें काय?

वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयांत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा होता. १८५५ सालीं उघडलेल्या या सरकारी रुग्णालयांत, कोणाशींही न बोलणारे रुग्ण होते. १९४२ सालीं मॅरियन चेस या नर्तकी तेथें काम करूं लागल्या. डेनिशॉन या प्रसिद्ध नृत्यशाळेंत त्यांचें शिक्षण झालें होतें. पण रुग्णांना त्यांनीं नृत्याचे धडे दिले नाहींत. ग्रामोफोनची तबकडी लावावी, रुग्णांना वर्तुळांत घ्यावें, आणि कोणाची किंचित् हालचाल दिसली तरी तिच्या लयींत स्वतः सामील व्हावें, अशी त्यांची रीत. नुसती नक्कल केली तर ती थट्टा होते. म्हणून त्या हालचालींतील भाव अंगीं उतरवून तो रुग्णाला परत द्यावयाचा. पुढें हालचालीला रूपकाची जोड मिळे. समजा, एकादा रुग्ण जोरानें हात झटकूं लागला. तर तोच झटका सर्वांनीं मिळून लाकूड फोडण्याचा घाव होऊं शके. कोणाला इजा न होतां संतापाला वाट मिळे, आणि तो एकट्याचा राहत नसे.

१९५४ पासून अमेरिकेंत क्लोरप्रोमॅझिन हें औषध वापरांत आलें व मनोरुग्णालयांचें स्वरूप पालटूं लागलें; तरी ही पद्धति मागें पडली नाहीं. १९६६ मध्यें अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशन स्थापन झाली आणि चेसबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९७० सालीं त्या निवर्तल्या.

नाचल्यानें व्याधि पळते, असा याचा अर्थ कोणीं घेऊं नये. परंतु मुकाट बसलेल्या माणसाच्या मनांत कांहीं उरलेलेंच नाहीं, असें ठरविण्याची घाई आपण करतों. बोलणें थांबलें तरी सांगणें थांबत नाहीं. तें समजून घेणाऱ्याला मात्र कानांबरोबर आपलें अंगही पुढें करावें लागतें.