समुद्रापारची मिळकत आणि तिचे रक्षण

समुद्रोल्लंघन करणाऱ्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, तो काळ आपल्या पणजोबांच्या पिढीने पाहिला. आज आपल्या ज्ञातीतील होतकरू मुलगा वा मुलगी परदेशी नोकरीस निघाली, की घरोघर पेढे वाटले जातात. हा पालट स्वागतार्हच आहे. परंतु धर्मशास्त्राचे प्रायश्चित्त चुकले, तरी परदेशच्या पैशाविषयी गाफील राहणाऱ्यास इतिहास निराळे प्रायश्चित्त घ्यावयास लावतो. ज्या घरांतून तरुण मंडळी बाहेर गेली आहेत, त्यांच्यासाठी हा इतिहास थोडक्यात येथे मांडला आहे.

एके काळी आपला रुपया समुद्रापलीकडेही चालत असे. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला, तेव्हा पूर्व आफ्रिकेत पगार व व्यवहार रुपयांतच होत. १९२० साली तेथे रुपया जाऊन फ्लोरिन आला आणि १९२१ साली शिलिंग आला. अरबी आखातातही हीच स्थिती होती. कुवेत, बहरीन, कतार, दुबई येथील बाजारात रुपया हेच रोजचे नाणे होते. तेथे नोकरी करणाऱ्यास परदेशी चलनाची चिंताच नव्हती. तिकडे मिळालेला रुपया इकडे जसाच्या तसा चाले.

पुढे रुपयाच्या नोटा आखातात नेऊन सोने घ्यावयाचे व ते चोरवाटेने हिंदुस्थानात आणावयाचे, असा धंदा बोकाळला. त्यास आळा घालण्यासाठी १९५९ साली रिझर्व्ह बँकेने केवळ आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. १९६१ साली कुवेतने व १९६५ साली बहरीनने स्वतःचा दिनार सुरू केला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. म्हणजे शंभर रुपयांस जेथे एकवीस डॉलर मिळत, तेथे तेरा डॉलर व तेहतीस सेंट मिळू लागले. रुपयात साठविलेल्या पुंजीचे बाहेरचे मोल एका रात्रीत तृतीयांशाहून अधिक घटले. कतार व दुबई यांनीही त्याच वर्षी रुपयाचा निरोप घेतला. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे. परंतु तळ्याचा बांध आपल्या हाती नसतो, हा पहिला धडा होय.

दुसरा धडा युगांडाने दिला. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास फर्माविले. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, दुकाने व बँकेतील ठेवी मागे राहिल्या. माणशी जेमतेम पन्नासएक पौंड बरोबर नेऊ दिले गेले. त्या लोकांनी काटकसरीत कसूर केली नव्हती. परंतु सारे धन एकाच राजवटीच्या छायेत ठेवले गेले होते.

हाच प्रसंग २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेतमधील आपल्या लोकांवर ओढवला. इराकी फौजा शिरल्या आणि सुमारे १,७०,००० भारतीयांना मायदेशी आणावे लागले. बहुतेकांना अम्मानहून विमानाने. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील दोघे सख्खे भाऊ तेव्हा तेथे नोकरीस होते. धाकट्याचा पगार मोठा. ‘वर्षाअखेरीस एकदम पाठवीन’ असे तो म्हणे. थोरला दरमहा ठरावीक रक्कम मायदेशीच्या आपल्या खात्यात भरी. दोघेही एकेक पिशवी घेऊन परतले. धाकट्याजवळच्या दिनारांच्या नोटा वाटेत कोणी घेईना. थोरल्याने घरी येऊन पासबुक उघडले व मुलांची फी भरली. १९९१ साली संयुक्त राष्ट्रसंघाने नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला. परंतु तेथेही दाव्यास आधार लागे तो कागदपत्रांचाच. थोरल्याच्या ट्रंकेत नोकरीचा करार व निवासपत्राची नक्कल होती. धाकट्यास ती जमविताना पुष्कळ वणवण करावी लागली.

मायदेशी पैसा पाठविण्याची सोय सरकारने हळूहळू वाढविली. १९७० साली अनिवासी भारतीयांसाठी रुपयातील बाह्य खाते सुरू झाले. त्यातील रक्कम पुन्हा परदेशी नेता येते व त्यावरील व्याजास येथे प्राप्तिकर नाही. १९७५ साली परकीय चलनातच ठेव ठेवण्याची सोय झाली. १९९१ साली देशाला सोने गहाण टाकावे लागले आणि जुलैमध्ये रुपया दोन हप्त्यांत उतरविला गेला. परकीय चलनात ठेव ठेवणाऱ्यांचे त्यात नुकसान झाले नाही. रुपयातील खातेदारांना मात्र ते सोसावे लागले. उलट, ज्यास मिळकत इकडेच खर्च करावयाची आहे, त्यास उतरता रुपया अधिक रुपये देतो. आज डॉलरला ऐंशीहून अधिक रुपये पडतात. तेव्हा पैसा कोठे खर्च व्हावयाचा आहे हे आधी ठरवावे, आणि मग चलन निवडावे.

शेवटचा धडा आपल्या घरातलाच आहे, म्हणून तो सांगणे अधिक अवघड. परदेशातील मुलाने पैसे पाठवावे आणि गावी कोणाच्या तरी नावे जमीन घेतली जावी, असे पुष्कळदा घडते. अनिवासी नागरिकास कायद्याने शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून सातबाऱ्यावर भावाचे वा मेहुण्याचे नाव चढते. वीस वर्षांनी तो परत येतो, तेव्हा जमीन असते, पण त्याची नसते. मग भाऊ भावाच्या दारात जात नाही. यात प्रत्येक वेळी लबाडीच असते असे नाही. अनेकदा केवळ संकोच असतो. पैशाचा हिशेब मागणे म्हणजे अविश्वास, ही आपली समजूत कुटुंबांना फार महाग पडली आहे.

म्हणून तरुण मंडळींस एवढीच विनंती. पहिल्या पगारापासून ठरावीक भाग बाजूला काढा, परंतु सारा एका देशात वा एका चलनात ठेवू नका. खाते व मालमत्ता आपल्या नावावर असू द्या आणि वारस नेमून ठेवा. करार व पावत्यांच्या नकला घरी पाठवा. आणि वडीलधाऱ्यांनी मुलाच्या पैशाचा लेखी हिशेब त्याने मागण्यापूर्वीच द्यावा. ज्या घरात हिशेब वेळेवर होतो, त्या घरात पंक्तीला सगळे भाऊ एकत्र बसतात. आणि अशी घरे टिकली, तरच ज्ञातीच्या संमेलनाला अर्थ आहे.