धुळीला गरगर फिरवण्याची कुळकथा

नगरजवळच्या खारे कर्जुने परिसरातल्या के. के. रेंज या लष्करी सराव-मैदानावर भर उन्हाळ्यात रणगाडा धावू लागला की मागे फुफाट्याचा लोट उठतो. इंजिनाला लागणारी हवा त्याच लोटातून घ्यावी लागते. नगर 1948 पासून आर्मर्ड कोअरचे, म्हणजे रणगाडा दलाचे, प्रशिक्षण केंद्र आहे, आणि रणगाड्यात तोफेइतकीच निगा एअर क्लीनरची राखावी लागते. टी-72 रणगाड्याच्या एअर क्लीनरमध्ये छोट्या नळ्या दाटीने बसवलेल्या असतात. हवा त्यांत शिरताच गरगर फिरू लागते, जड कण कडेला फेकले जातात आणि एक्झॉस्टच्या झोताबरोबर ओढले जाऊन बाहेर पडतात. त्यातून निसटलेली धूळ तेलात भिजवलेल्या तारेच्या जाळीत अडकते. ती जाळी काढून डिझेलमध्ये धुवायची आणि पुन्हा तेलात बुडवून बसवायची.

हवा फिरवून धूळ वेगळी करण्याची ही युक्ती पिठाच्या गिरणीतली. 2 मे 1878 रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिस इथे वॉशबर्न गिरणीत हवेत तरंगणाऱ्या पिठाचा स्फोट झाला आणि 18 माणसे गेली. त्यानंतर गिरण्यांतली पीठधूळ गोळा करण्याची निकड सगळ्यांनाच पटली. 1885 मध्ये जॉन फिंच यांनी धूळ-संग्राहकाचे पेटंट घेतले. आज कारखान्यांच्या छपरांवर दिसणाऱ्या शंकूच्या आकाराच्या सायक्लोनचा मूळपुरुष तोच. पुढे 1915 मध्ये फ्रँक डोनाल्डसन यांनी धुळीने बंद पडणाऱ्या ट्रॅक्टरसाठी एअर क्लीनर तयार केला, आणि शेतातला हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांसमोरही उभा राहिला. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेल्या माटिल्डा जातीचा रणगाडा नगरच्या रणगाडा संग्रहालयात उभा आहे.

खरी कसोटी लागली ती हेलिकॉप्टरांच्या गॅस टर्बाइन इंजिनांमुळे. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचे टी-700 इंजिन सेकंदाला सुमारे साडेचार किलो हवा ओढते. ती हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांची टोके सेकंदाला शेकडो मीटर वेगाने फिरत असतात. धुळीचा कण आदळण्याचा वेग दुप्पट झाला की झीज चौपटीहून जास्त होऊ शकते. संशोधक इयान फिनी यांनी 1960 मध्ये दाखवून दिले की चिवट धातूवर समोरून आदळणाऱ्या कणापेक्षा तिरका घासत जाणारा कण जास्त धातू खरवडतो. पात्याची पुढची कड बोथट होते, टोक झिजून आवरणापासूनची फट वाढते, इंजिनाचा जोर घटतो आणि एखाद्या वेळी हवेचा प्रवाहच उलटतो.

व्हिएतनाममध्ये ह्युई हेलिकॉप्टरांची इंजिने लाल मातीच्या धुळीने अशीच झिजली. त्या अनुभवातून टी-700 च्या तोंडाशीच फिरत्या हवेची गाळणी बसवली गेली आणि ब्लॅक हॉक 1974 मध्ये पहिल्यांदा उडाले. भारतीय हवाई दलाच्या अपाचे हेलिकॉप्टरमध्येही याच घराण्यातले इंजिन आहे. एमआय-17 हेलिकॉप्टरच्या इंजिनांपुढे दिसणारी गोल टोपणेही धूळ वेगळी करण्यासाठीच असतात.

पण गाळणीलाही मर्यादा आहे. हवेबरोबर वळून जाण्याइतका हलका कण कडेला फेकला जात नाही, तो थेट आत शिरतो. इथे दख्खनच्या मातीचा प्रश्न वेगळा होतो. राजस्थानच्या वाळूत क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी भरपूर, ती पोलादालाही ओरखडते. आपली धूळ मुख्यतः बेसॉल्टची आणि त्यात क्वार्ट्झ खूपच कमी असते, म्हणून ती पात्यांना कमी खरवडेल. मात्र क्वार्ट्झ वितळायला सुमारे 1,700 अंश सेल्सिअस लागतात, तर बेसॉल्ट 1,200 च्या आसपासच वितळतो. आधुनिक टर्बाइनमधला वायू त्याहून तप्त असतो. वितळलेली धूळ गरम पात्यांवर काचेसारखी चिकटते आणि त्यांची थंड हवेची छिद्रे बुजवते. 1982 मध्ये इंडोनेशियावरून जाणाऱ्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिने ज्वालामुखीच्या राखेने बंद पडली, त्यातही राखेचे हे वितळून चिकटणे होतेच.

एअर फिल्टर जगभर ज्या प्रमाणित धुळीवर तपासतात ती ॲरिझोनाची, सिलिका भरपूर असलेली. दख्खनमध्ये उडणाऱ्या इंजिनासाठी तेवढी चाचणी पुरेशी नाही, असे माझे ठाम मत आहे. के. के. रेंजवरची माती चाळून, भाजून, तिचे कण मोजून तीही चाचणीला ठेवली पाहिजे, आणि मारवाडची वाळू तिच्या शेजारी.