बंदीशाळेची विद्याशाळा : खरगपूरचे विद्यार्थीजीवन



मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणाऱ्या लोहमार्गावर, कोलकात्याच्या अलीकडे सुमारे १२० किलोमीटरवर, खरगपूर हे मोठे जंक्शन लागते. त्याला लागूनच हिजली आहे. देशातील पहिली भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आय.आय.टी., येथे स्थापन झाली. मोठ्या विद्यालयाचे नाव निघाले की आपण त्याच्या प्रवेशपरीक्षेचीच चर्चा करतो. प्रवेश मिळाल्यावर मुलगा तेथे राहतो कसा आणि टिकतो कसा, याचा विचार क्वचितच होतो. या संस्थेचा इतिहास त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

१९३० साली ब्रिटिश सरकारने हिजलीस राजबंद्यांची छावणी उघडली. १६ सप्टेंबर १९३१ रोजी पहारेकऱ्यांनी येथील निःशस्त्र बंद्यांवर गोळीबार केला. त्यात संतोषकुमार मित्र व तारकेश्वर सेनगुप्त हे दोन तरुण ठार झाले. सुभाषबाबू त्यांचे मृतदेह नेण्यासाठी हिजलीस आले आणि रवींद्रनाथांनी या कृत्याचा जाहीर निषेध केला.

स्वातंत्र्यानंतर त्याच इमारतीत विद्येची स्थापना झाली. १८ ऑगस्ट १९५१ रोजी संस्थेचे रीतसर उद्‌घाटन शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते झाले. मौलानासाहेबांना बंदिवास नवा नव्हता. ऑगस्ट १९४२ पासून अडीच वर्षांहून अधिक काळ ते आपल्याच अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ज्याने तुरुंगाच्या भिंती आतून पाहिल्या, त्यानेच एका बंदीशाळेची दारे विद्यार्थ्यांसाठी उघडावीत, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल! पहिल्या तुकडीत २२४ विद्यार्थी होते व शिकविणारे ४२ अध्यापक. १९५६ च्या पहिल्या पदवीदान समारंभात पंडित नेहरूंनीही या स्थित्यंतराचा मुद्दाम उल्लेख केला.

संस्था प्रारंभापासून निवासी आहे. वसतिगृहांना तेथे 'हॉल' म्हणतात. पटेल, आझाद, नेहरू, लाला लजपतराय अशी त्यांची नावे. केरळचा, पंजाबचा, आसामचा आणि आपल्याकडचा मुलगा एकाच भोजनगृहात जेवतो. खेळ, नाटक, वादविवाद, तंत्रकौशल्य या सर्वांत हॉलाहॉलांत चुरशीच्या स्पर्धा असतात.

यांतील सर्वांत देखणी परंपरा दिवाळीची. बांबूच्या उंच उभ्या जाळ्यांवर हजारो पणत्या बांधून मुले चित्रे उभी करतात. ठरल्या वेळी विजेचे दिवे मालवले जातात आणि अंधारात केवळ पणत्यांचे चित्र उजळते. सोबत भव्य रांगोळ्याही असतात. काही मिनिटांच्या या सोहळ्यासाठी कित्येक दिवस राबावे लागते. बांबू बांधणे, मापे घेणे, तेल-वाती सांभाळणे ही कामे नवा-जुना हा भेद विसरून करावी लागतात. कोणाही एकट्याच्या हातून हे चित्र पुरे होत नाही. इंजिनिअरला आयुष्यभर माणसांच्या संगतीने काम करायचे असते. त्याचा पहिला धडा येथे मिळतो.

परंतु वाचकहो, उत्सव पोटभर जेवलेल्या व निश्चिंत मनाच्या मुलाला रुचतो. १९७३ पासून या संस्थांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव झाल्या. पुढे, थोड्या गुणांनी मागे राहणाऱ्यांसाठी एक वर्षाच्या पूर्वतयारी वर्गाचीही सोय झाली. २०१६ साली वार्षिक शिकवणी शुल्क ९० हजारांवरून २ लाख रुपये झाले. मात्र त्याच वेळी अनुसूचित जाती-जमातींच्या व अपंग विद्यार्थ्यांना, तसेच कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत असलेल्यांना ते पूर्ण माफ करण्यात आले. १ ते ५ लाख उत्पन्न असणाऱ्यांना दोन तृतीयांश सूट मिळाली. रॅगिंगविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली देशभरासाठी कडक नियम केले.

इतके असूनही एक दरी उरतेच. प्रवेशाची पहिली परीक्षा, जेईई मेन, २०२१ पासून मराठी व उर्दूतूनही देता येते. पुढची परीक्षा मात्र इंग्रजी वा हिंदीतच असते, आणि वर्गातील अध्यापन इंग्रजीतून चालते. शाळेत सदैव पहिला आलेला मातृभाषेतील मुलगा तेथे प्रथमच मागे पडतो, आणि मागे पडल्याचे घरी सांगण्याची त्याला लाज वाटते. खरा धोका या अबोलपणात आहे. अशा मुलाच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्याला हवा असतो थोडा वेळ आणि विचारपूस करणारे माणूस.

म्हणून आपणांस विनंती एवढीच. निकालाच्या दिवशी आपण हारतुरे घालतो, ते जरूर घालावेत. पण मुलाला निरोप देण्यापूर्वी शुल्कमाफीचे कागद पुरे करावेत, इंग्रजी पाठ्यपुस्तके वाचण्याचा सराव करून घ्यावा आणि "अडचण आली तर विचार, त्यात कमीपणा नाही," हे त्याला निक्षून सांगावे. पहिल्या सत्राचे गुण कमी आले तर रागे भरण्याआधी त्याची खुशाली विचारावी. हिजलीच्या बंदीशाळेची दारे १९५१ साली उघडली गेली. त्या दारातून आत गेलेला आपला मुलगा चार वर्षे तेथे सुखाने नांदावा, ही जबाबदारी आपलीही आहे.