काकांची खैनी आणि १९४५चा एक निबंध

नया बाज़ारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर मोठे काका खैनी मळत बसायचे. तळव्यावर तंबाखू-चुना, अंगठ्याने घोटायचं, दोन टाळ्या, की चिमूट खालच्या ओठाच्या आत. वर्षानुवर्षं तीच जागा. पुढे तिथेच फोड आली आणि ती भरेना. रोगाचं नाव घरात कुणी घेतलं नाही. 'वो बीमारी' एवढंच. आजी म्हणे दृष्ट लागली. काकांचा पेला वेगळा ठेवला, तो उचलून ठेवायचं काम माझं.

मंडळासाठी लष्करातल्या जुन्या सवयींवर टिपण करताना डॉ. वसंत रामजी खानोलकरांचं काम वाचनात आलं. जन्म १८९५, घराणं मूळ गोव्याचं. परळला १९४१मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तिथे ते विकृतिशास्त्रज्ञ होते. १९४५मध्ये त्यांनी आणि सूर्याबाईंनी एक इंग्रजी निबंध छापला. विषय : लोकांच्या सवयी आणि कॅन्सर. भारतातले तीन प्रकार त्यांनी मांडले. धोतर जिथे करकचून बांधतात त्या कमरेवरचा. चुट्टा पेटतं टोक तोंडात धरून ओढतात, त्यांच्या टाळूवरचा. आणि खैनीवाल्यांचा, खालच्या ओठाच्या खाचेतला.

हा तिसरा वाचला आणि मी पुस्तक मिटून बसलो.

युक्तिवाद नवा नव्हता. लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्या पोरांचा रोग काजळीमुळे होतो, हे पर्सिव्हल पॉटने १७७५मध्ये ओळखलं होतं. काश्मिरी लोक फिरनखाली पोटाशी कांगडी धरतात, त्यांच्या पोटा-मांडीवरच्या कॅन्सरची नोंद १८६६ची. खानोलकरांनी तोच धागा आपल्या धोतरा-तंबाखूपर्यंत आणला. एकाच जागी वर्षानुवर्षं घर्षण, चटका किंवा तंबाखू-चुना. पेशी पुन्हापुन्हा दुखावतात, पुन्हापुन्हा भरून येतात, आणि त्यात कधीतरी एखादीचा वाढीवरचा ताबा सुटतो. सगळ्यांनाच होतो असं नाही, पण होतो तेव्हा जागा सवयच ठरवते. यात दृष्ट कुठे आली? आणि तोंडाचा हा रोग पेल्याने तर लागतच नाही!

निबंधाच्या पुढच्याच वर्षी, १९४६मध्ये, आपल्या ग्वाल्हेरात गजरा राजा मेडिकल कॉलेज उघडलं. काका त्यानंतर कितीतरी वर्षांनी आजारी पडले. म्हणजे ही माहिती गावात असणार. आमच्या ओट्यापर्यंत आली नाही इतकंच. काका शेवटपर्यंत त्याच पेल्यातून पाणी प्यायले, आणि मी तो दोन बोटांनी धरून उचलत असे.

लष्करातल्या कुणाकडे जुनी चुनेदाणी किंवा तंबाखूची डबी असेल, तर फोटो मंडळाकडे जरूर पाठवा. आमच्याकडची काकांबरोबरच गेली.