१९७५ सालचें ब्रिटिश सार्वमत : पत्रकाचा अर्थ व कायद्याचा शब्द

जुन्या तहनाम्यांचा अभ्यास करणारास एक गोष्ट लवकरच कळून येते. तहाचीं कलमें एक सांगतात, आणि तहाची हकीकत आपल्या मंडळीस कळविणारें पत्र पुष्कळदां दुसरेंच सांगतें. दोन्ही कागद अस्सल असले तरी त्यांचें प्रामाण्य सारखें नसतें. हा न्याय अर्वाचीन राजकारणासहि लागू पडतो. युरोपीय आर्थिक समुदायांतील सदस्यत्वासंबंधीं ब्रिटिश सरकारनें १९७४-७५ सालीं जें धोरण स्वीकारिलें, त्याचे कागद या दृष्टीनें ताडून पाहण्याजोगे आहेत.

प्रथम पूर्वपीठिका. १९५७ च्या रोमच्या तहानें सहा राष्ट्रांनीं हा समुदाय स्थापिला, तेव्हां ब्रिटन बाहेर राहिलें. १९६१ सालीं मॅक्मिलन यांच्या सरकारनें प्रवेशाचा अर्ज केला; परंतु फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनीं १९६३ व १९६७ असा दोनदां ब्रिटनला नकार दिला. पुढें हीथ यांच्या कारकीर्दींत, जानेवारी १९७२ मध्यें, प्रवेशाच्या तहावर सह्या झाल्या. तदर्थ मांडलेल्या विधेयकाचें दुसरें वाचन ३०९ विरुद्ध ३०१, म्हणजे अवघ्या आठ मतांच्या आधिक्यानें, संमत झालें. आणि १ जानेवारी १९७३ रोजीं ब्रिटन समुदायांत दाखल झालें.

१९७४ सालीं विल्सन यांचा मजूर पक्ष अधिकारारूढ झाला. या प्रश्नावर तो पक्ष दुभंगलेला होता. तेव्हां विल्सन यांनीं मधला मार्ग काढला : प्रवेशाच्या अटी पुन्हां ठरवावयाच्या आणि निकाल लोकांच्या हातीं सोंपवावयाचा. मार्च १९७५ मध्यें डब्लिन येथें वाटाघाटी पुऱ्या झाल्या. ब्रिटनच्या वर्गणीचा भार प्रमाणाबाहेर गेल्यास कांहीं रक्कम परत मिळावी अशी योजना ठरली. न्यूझीलंडच्या लोण्याच्या आयातीचीहि सोय झाली. परंतु मूळ तहाचें एकहि कलम बदललें नाहीं. मंत्रिमंडळांत १६ विरुद्ध ७ असा कौल पडला, व विरोधी मंत्र्यांस उघड प्रचाराची मुभा मिळाली. एप्रिलमध्यें पार्लमेंटनें ३९६ विरुद्ध १७० मतांनीं नव्या अटींस मान्यता दिली. त्याच महिन्यांत मजूर पक्षाच्या खास अधिवेशनानें मात्र सदस्यत्वाविरुद्ध ठराव केला.

सार्वमतापूर्वीं घरोघर तीन पत्रकें धाडण्यांत आलीं : एक अनुकूल पक्षाचें, एक प्रतिकूल पक्षाचें व एक सरकारचें. सरकारी पत्रकाचें प्रतिपादन असें कीं, ब्रिटिश मंत्र्याच्या संमतीवांचून कोणतेंहि महत्त्वाचें नवें धोरण ठरूं शकणार नाहीं. आतां १९७२ च्या कायद्याचें दुसरें कलम शेजारीं ठेवावें. तहान्वये उत्पन्न होणारे अधिकार व बंधनें पार्लमेंटच्या निराळ्या कायद्यावांचून ब्रिटनमध्यें अमलांत येतील, असें तें सांगतें. मीमांसकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर कलम हा विधि आहे, पत्रक हा अर्थवाद. अर्थवाद प्रवृत्ति उत्पन्न करतो. बंधन उत्पन्न होतें तें विधीनें.

मग मंत्र्याच्या नकाराधिकारास आधार कोणता? तो तहाच्या कलमांत नव्हता. जानेवारी १९६६ मध्यें फ्रान्सच्या बहिष्कारावर तोड म्हणून लक्झेंबर्ग येथें झालेल्या समजुतींत होता. मे १९८२ मध्यें शेतमालाच्या किंमतींच्या प्रश्नावर ब्रिटननें हा अधिकार सांगितला, तेव्हां इतर राष्ट्रांनीं बहुमतानें निर्णय करून टाकला. १९८६ च्या करारानें बहुमताचें क्षेत्र आणखी वाढलें. १९९० मध्यें तर लॉर्डांच्या सभेच्या न्यायपीठानें, मासेमारी जहाजांच्या नोंदणीसंबंधीं १९८८ च्या ब्रिटिश कायद्याचीं कलमें समुदायाच्या कायद्यापुढें लागू करूं नयेत, असा हुकूम दिला. समजूत ढळली आणि शब्द राहिला.

यावरून लोकांस फसविलें असें म्हणणें मात्र रास्त होणार नाहीं. कायदा तीन वर्षें छापील स्वरूपांत उपलब्ध होता, आणि आपला कारभार आपण चालवावयाचा कीं नाहीं हाच मुख्य प्रश्न आहे, असें प्रतिकूल पत्रकानें स्पष्ट बजाविलें होतें. शिवाय सरकारी पत्रकांतहि एक विधान होतें तें अक्षरशः खरें ठरलें : प्रवेशाचा कायदा रद्द करण्याचा अंतिम अधिकार पार्लमेंटकडेच आहे. दोष आहे तो धोरणाच्या मांडणींत. प्रश्न अधिकाराचा असतां सरकारनें तो अटींचा म्हणून लोकांपुढें ठेविला.

५ जून १९७५ रोजीं अनुकूल मतें १,७३,७८,५८१ व प्रतिकूल ८४,७०,०७३ पडलीं. हा कौल निःसंशय होता. तरी पक्षांतील वाद मिटला नाहीं. १९८१ मध्यें पक्ष फुटला, त्याच्या कारणांत हाहि प्रश्न होता. १९८३ च्या जाहीरनाम्यांत तर मजूर पक्षानें समुदाय सोडण्याचेंच वचन दिलें. २३ जून २०१६ च्या दुसऱ्या सार्वमतांत बाहेर पडण्याच्या बाजूनें १,७४,१०,७४२ व विरुद्ध १,६१,४१,२४१ मतें पडलीं. ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटन बाहेर पडलें.

असो. या प्रकरणाचे कागद जमविणारानें १९७५ चीं तिन्ही पत्रकें अवश्य जपून ठेवावीं. परंतु तीं १९७२ च्या कायद्यासह एकाच बस्त्यांत बांधावीं. एकट्या पत्रकावरून लिहिलेला इतिहास १९७५ चा कौल समजावून देईल, २०१६ चा देणार नाहीं.